आधी शेवटपर्यंत बघ

अगं, तुझा रात्री साडेबाराचा व्हॉइस मेसेज सकाळी ऐकला, अर्धा ठाण्याला प्लॅटफॉर्मवर आणि अर्धा वाशी लोकलमध्ये ऐरोली येईपर्यंत. ४ मिनिटांत ३ मिनिटं रडगाणं, राग नको मानू. फ्लेमिंगोचा २४ मिनिटांचा व्हिडिओ कॉलेजच्या ग्रुपवर टाकलास, एकाने अंगठा दिला, एकाने "एवढं कोण बघणार" लिहिलं, मग कुणीतरी बादलीत पडणाऱ्या मांजराची रील टाकली आणि सगळा ग्रुप तिच्यावर तुटून पडला. आणि आता विचारतेस, काका, गुलाबी थव्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून टाकू का, की टाकणंच बंद करू?

मी उलट विचारतो. तू स्वतः तो शेवटपर्यंत बघितलास का? मला तरी शंका आहे, कारण "खूप भारी आहे" याच्यापुढे तू त्यातलं एक अक्षर बोलली नाहीस. मी बघितला, दोन हप्त्यांत, पण पूर्ण बघितला. १७व्या मिनिटाला तो करडी पिल्लं दाखवतो, म्हणजे गुलाबी रंग ती जन्मतः घेऊन येत नाहीत, खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक कोळंबीतून तो हळूहळू पिसांत उतरतो. तुमच्या ऐरोलीच्या खाडीत बोटीतून दोनदा जाऊन आलोय मी, फोटो काढून काढून बॅटरी संपवलीय, पण हे माहीत नव्हतं. एवढी एक ओळ लिंकखाली लिहिली असतीस तर निदान कुणीतरी "चल काहीही" म्हणून भांडायला तरी आलं असतं. नुसती लिंक टाकून गप्प बसणाऱ्याशी लोकांनी बोलायचं काय?

आणि लांबीचं कारण देऊ नकोस मला. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ, २३ एप्रिल २००५ चा, १९ सेकंदांचा आहे, एक पोरगा हत्तींसमोर उभा राहून सोंडा लांब आहेत एवढंच सांगतो आणि संपतं. तो तेवढाच आहे, पण अख्खा आहे. २४ मिनिटांतले ३० सेकंद उपटून काढणं वेगळं.

तुकडा म्हटलं की मला २०१८ आठवतं. कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला एक व्हिडिओ होता, बाईकवरचे दोघं पोराला उचलून नेतात आणि शेवटी परत आणून सोडतात, मूल पळवणं किती सोपं आहे बघा म्हणून. तो शेवट कुणीतरी कापला आणि उरलेलं आपल्याकडे मुलं पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून फिरलं. त्याच अफवांच्या दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणारी ५ माणसं जमावाने मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी फक्त ५ चॅटना फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. अगं पण ५ कशाला, न बघता एकालाही पाठवू नये.

तू म्हणशील काका लेक्चर देतायत. देतोय, कारण मी स्वतः हे करून बसलोय. तेव्हा आम्ही वर्तकनगरला राहायचो. रात्री दोनला वॉचमन गेटवर खुर्चीत पेंगतोय, बाहेर गाडी हॉर्न मारतेय, असा व्हिडिओ समोरच्या विंगमधून आला. पावणेदोन मिनिटांचा होता, मी २० सेकंद बघितला आणि "बघा आपला मेंटेनन्स कुठे जातो" असं लिहून कमिटीच्या ग्रुपवर ढकलला. दुसऱ्या दिवशी माणूस कामावरून गेला. पुढे तीनेक आठवड्यांनी फोनचं स्टोरेज फुल झालं म्हणून एकेक व्हिडिओ उडवत बसलो होतो, तेव्हा तो चुकून पुढे चालू राहिला. वॉचमन उठतो, भिंतीला धरून कसाबसा गेटपर्यंत येतो, गेट उघडतो आणि तिथेच ओकतो. तापाने फणफणलेला असणार. विचारायला गेलो तर तो गावी निघून गेला होता.

आता कमिटीत ९ जण होते, त्यांनी तरी बघायला काय झालं होतं? आणि मी काही त्याला काढा असं लिहिलं नव्हतं. हे मी बायकोलाही शंभरदा सांगितलंय, ती फक्त माझ्या अंगठ्याकडे बघते. असो.

त्यामुळे मी हट्टी झालोय, मान्य आहे. आमच्या वाशीच्या ग्रुपवर दर जुलैला कुठल्यातरी जुन्या पावसाचं ठाणे स्टेशन बुडालेलं येतं आणि मी दर वेळी "शेवटपर्यंत बघितलात का" विचारतो, लोक वैतागतात, दोघांनी म्यूट केलंय. पण एक जण आता पाठवायच्या आधी मलाच फोन करतो, अमुक मिनिटाला हे असं म्हणतोय, खरं असेल का हो? त्या फोनवर अर्धा अर्धा तास जातो आमचा.

तुलाही ग्रुपमधले ११ जण नकोतच गं. मांजरवाल्यांना मांजर बघू दे, मीही बघितलं, हसलो. त्या ग्रुपमध्ये ती चित्रं काढणारी मुलगी आहे ना, तिला एकटीला पाठव, करड्या पिल्लांबद्दल लिहून. ग्रुप सोडू नकोस आणि तुकडा तर अजिबात कापू नकोस. पण आधी स्वतः बस आणि बघ, दीडच्या स्पीडवर नाही.

शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला ये, भेळ माझ्याकडून. शेवटी शेवटी तो फ्लेमिंगोवाला खाडीतल्या गाळाबद्दल जे बोलतो ते मला पटलेलं नाही, आणि २१व्या मिनिटाला काय आहे ते मी तुला विचारणार आहे.

तुझा,
काका