रोस्टर येतं रविवारी रात्री, लेक्चर कशी गाठू?

ताई, मी पेडण्याची, म्हापशाच्या कॉलेजात एसवाय बीकॉमला आहे. बाबांचं काम सुटलं म्हणून जूनपासून मोपा विमानतळावरच्या एका दुकानात लागले. शिफ्ट कधी सकाळी सहाची, कधी दुपारी दोनची, कधी रात्रपाळी, आणि रोस्टर येतं रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेलीय. आई म्हणते कॉलेज सोड, इग्नू कर. काय करू?
— एक वाचक, पेडणे

अगो बाय, कामाचे तास किती ते तू लिहिलंच नाहीस, शिफ्टची मात्र सगळी यादी दिलीस, म्हणजे खरं दुखणं तिथेच आहे. आठ तास काम करून शिकणारी पोरं म्हापशात ढिगानं आहेत, पण उद्या सकाळी आपण कुठे असणार तेच माहीत नसलं की पुस्तक उघडावंसंच वाटत नाही.

तेव्हा तास कमी करा म्हणू नकोस, शिफ्ट एकच द्या म्हण. कॉलेज सकाळचं असेल तर दुपारी दोनची कायमची माग, बदल्यात रविवार आणि सणाच्या दिवशी येईन म्हणून सांग, तेव्हा कोणालाच यायचं नसतं. आणि हे आत्ताच बोल, ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की मॅनेजरला तुझं ऐकायला वेळ नसणार. आयएसएच्या, म्हणजे सेमिस्टरमधल्या कॉलेजच्या परीक्षांच्या, तारखा कळल्या की त्याच दिवशी त्याला लिहून पाठव, तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

हजेरीचं म्हणशील तर नुसती टक्केवारी बघू नकोस, कुठल्या विषयात कमी पडतेय ते बघ. मी शिकताना म्हापशात एका कपड्याच्या दुकानात होते, शुक्रवारी बाजार म्हणजे सुट्टीचं नावच नाही, आणि नेमकी शुक्रवारीच कॉस्टिंगची दोन लेक्चर. बाकी सगळं बरं, कॉस्टिंगमध्ये अडकले. शेवटी मालकाकडून पत्र घेतलं, त्यानं ते बिलबुकाच्या पानामागे लिहून दिलं, पुढच्या बाजूला दोन लेंगे आणि एक टॉवेल असं अर्धवट बिल तसंच. सरांनी आधी बिल वाचलं, मग पत्र, आणि राहिलेली सगळी लेक्चर बसायच्या अटीवर सांभाळून घेतलं. तू पण सर नोटीस लावेपर्यंत थांबू नकोस, दुकानाचं पत्र घेऊन आधीच भेट.

आता इग्नू. आईचं अगदीच चूक नाही, रोजची हजेरी नसते, जानेवारी आणि जुलै अशी दोनदा अ‍ॅडमिशन मिळते, परीक्षा जून आणि डिसेंबरात. पण 30 टक्के मार्क असाइनमेंटचे असतात, त्या आपल्या आपण लिहायच्या, मागे लागायला कोणी नाही, आणि रात्रपाळीवरून आलेलं माणूस असाइनमेंट उद्यावर ढकलतं गो, मी बघितलंय. शिवाय हे सेमिस्टर मधेच टाकलंस तर भरलेली फी पाण्यात. हे पुरं कर, शिफ्ट मिळालीच नाही तर जानेवारी कुठे लांब आहे, फक्त तुझं झालेलं वर्ष धरतात का ते आधी विचारून घे.

रात्रपाळीनंतर स्कूटर मात्र नको चालवू. बसनं जा, आणि बसल्या बसल्या कंडक्टरला स्टॉप सांगून ठेव. मला धारगळला उतरायचं असायचं, झोपेत दोनदा पत्रादेवीला पोचलेय.