कवटी रंगवायची, मरण नव्हे

प्रश्न : माळावर बैलाची कवटी सापडली. तिची स्केचेस करतोय. आई म्हणते, असलं काही घरात आणू नकोस. मित्र म्हणतात, मृत्यूचं चित्र आहे, बॅकग्राउंड काळं कर. काय करू?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : काळं मुळीच नको. काळं दिसलं की बघणारा ‘अरेरे’ म्हणून पुढे सरकतो, कवटी बघतच नाही.

अमेरिकन चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ 1929 पासून न्यू मेक्सिकोच्या रखरखीत मुलखात जाऊ लागली. दुष्काळात मेलेल्या गुरांची हाडं तिथे जागोजाग पडलेली. बाईंनी 1930 साली पिंपभर हाडं न्यूयॉर्ककडे धाडली! पुढच्या वर्षी एका कवटीला तिने कापडी गुलाब लावून रंगवलं. तिकडे असली फुलं थडग्यांवर वाहतात. तरीही हाडं तिला मरणाची खूण वाटत नव्हती. हिंडत्याफिरत्या जनावरांपेक्षा ती जास्त जिवंत वाटतात, असं ती म्हणे. 1943 पासून तिने कमरेची हाडं आभाळासमोर धरून त्यांच्या भोकातून दिसणारा निळा रंगवला. महायुद्ध चालू होतं. माणसाचा सगळा विध्वंस संपल्यावरही हा निळा राहील, असं तिने लिहिलंय.

उलट पॅरिसमध्ये 1925च्या सुमारास चित्रकार सूतीनने स्टुडिओत अख्खा सोललेला बैल टांगला, रंग ताजा राहावा म्हणून वरून रक्त ओतलं. वासाने शेजारी हैराण. तुम्ही आपले हाडावरच थांबा.

आता काम. सकाळचं तिरपं ऊन घ्या. हाड पांढरं नसतं. उन्हात यलो ओकरकडे, म्हणजे मातकट पिवळ्याकडे झुकतं, सावलीत निळसर होतं. वरच्या जबड्याला पुढचे दात काढू नका, गुरांना ते नसतातच. कपाळावरची नागमोडी सांध्याची रेघ घाईत सरळ करू नका. डोळ्याची खोबण सपाट काळी भरू नका, आत उजेड शिरतो.

आईशी वाद नको. कवटी गोठ्याच्या पत्र्यावर ठेवा, कागद घरात न्या.

आणि शिंगाची खोळ शाबूत असेल तर बुडाशी नीट बघा. बेंदराच्या सणाला लावलेला लाल हिंगूळ कधीकधी भेगांत राहतो. सापडला तर चित्रात तो आलाच पाहिजे. ओकीफला फुलं बाहेरून आणावी लागली, तुमच्या बैलाला कुणीतरी आधीच सजवलंय.