सरकारी रोखे घेतले, तरी रक्कम कमी कशी दिसते?

सल्ला विचारायला आलेल्या त्या निवृत्त शिक्षिका होत्या. हातात स्टेटमेंटची प्रिंट, एका आकड्याखाली लाल पेनाने दोन रेघा. केंद्र सरकारचे 5 लाखांचे रोखे, म्हणजे सरकारला ठराविक मुदतीसाठी दिलेलं कर्ज; मुदत 5 वर्षं, व्याज 6 टक्के. वर्षभराने किंमत दिसत होती 4 लाख 83 हजार. "सरकारी म्हणून घेतले, तरी 17 हजार बुडाले?"

बुडाले नव्हते. मुदत ठेवीचा रोजचा भाव कुणी दाखवत नाही, रोख्याचा दाखवतात. धसका त्यातूनच बसतो.

हिशेब कागदावर मांडला. वर्षभरात बाजारातला दर 6 वरून 7 टक्क्यांवर गेला होता. असं होतंच: मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात तर रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, 4 वरून साडेसहा टक्के झाला. नवा रोखा 7 टक्के देतोय, मग 6 टक्केवाला पूर्ण किमतीला कोण घेईल? उरलेली चार वर्षं दर साल टक्काभर कमी मिळणार, ते घेणारा आजच कापून मागतो. म्हणून 100 चा रोखा साडेशहाण्णवला. पण सहा महिन्यांना 15 हजार व्याज येत राहणार आणि मुदत संपली की पूर्ण 5 लाख. मध्येच विकलं, तरच तोटा पदरात पडतो.

"मध्ये पैसे लागतील का?" या प्रश्नावर त्या थांबल्या. पुढच्या वर्षी घराचं छप्पर बदलायचं होतं, दोन लाख.

खरी अडचण ही होती. थोडक्या रोख्यांना गिऱ्हाईक लवकर मिळत नाही, मिळालं तर भाव पाडून मागतं. सुदैवाने बँकेतली 3 लाखांची ठेव महिन्याभरात सुटणार होती. त्यातले दोन लाख एका वर्षासाठीच ठेवायचे, रोख्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं.

भाच्याने मीडियम ड्युरेशन फंड, म्हणजे रोख्यांत पैसे गुंतवणारा एक म्युच्युअल फंड, सुचवला होता. त्याचं ड्युरेशन (त्यातल्या रोख्यांचे पैसे परत यायला लागणारा सरासरी काळ) 3 ते 4 वर्षं, म्हणजे दर टक्काभर चढला की साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट इथेही येते. शिवाय फंडाला मुदतीची तारीख नसते, त्यामुळे अमुक दिवशी पूर्ण 5 लाख मिळतील ही खात्री नाही. त्यात कंपन्यांचे रोखेही असतात. एखादी कंपनी थकली तर ती घट भरून येईलच असं नाही.

जाताना एक गोष्ट पुन्हा सांगितली: बँकेत आधीच लेखी कळवा, नाहीतर ठेव आपोआप पुन्हा जुन्याच तीन वर्षांच्या मुदतीला लागेल.