‘ध्वनिलहरींचा लिलाव’: यात ध्वनी कुठून आला?

प्रश्न असा आहे: मोबाइल कंपन्यांच्या स्पेक्ट्रम लिलावाला बातम्यांत ‘ध्वनिलहरींचा लिलाव’ म्हणतात, ते बरोबर आहे का? नसेल तर काय लिहावं?

बरोबर नाही. ध्वनिलहरींना हवा, पाणी असं माध्यम लागतं आणि माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचंच ऐकू येतं. लिलावात असतात त्या विद्युतचुंबकीय लहरी. ७०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ७० कोटी कंपनं. फोनमधून आवाज जातो, म्हणून ‘ध्वनी’ चिकटला असावा.

पण नुसतं ‘रेडिओलहरींचा लिलाव’ करूनही भागत नाही, कारण लहरी कोणी विकत नाही. ठरावीक वारंवारतांचा (सेकंदाला होणाऱ्या कंपनांचा) पट्टा, ठरावीक सर्कलमध्ये (मोबाइल सेवेसाठी पाडलेल्या देशाच्या विभागात), बहुधा २० वर्षं वापरायचा हक्क मिळतो. म्हणून ‘वारंवारता-पट्ट्यांचा लिलाव’ हा नेमका शब्द. ‘पट्टा’ शब्दाने आकडेही उलगडतात. २०२२च्या लिलावात ५१,२३६ मेगाहर्ट्झची विक्री झाली, म्हणजे आकाशात सलग एवढी जागा होती असं नव्हे. एअरटेलने ३३०० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये १०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घेतला, तो २२ही सर्कलमध्ये. हिशेबात ते २,२०० मेगाहर्ट्झ धरले जातात. (सर्कलला सरकारी शब्द ‘परिमंडळ’. महाराष्ट्राच्या परिमंडळात गोवा येतो, मुंबई मात्र वेगळी.)

‘स्पेक्ट्रम’ला ‘वर्णपट’ हा शब्द कोशात आहे, पण त्यातला ‘वर्ण’ रंगाचा, म्हणून प्रकाशापुरता तो शोभतो. रोजच्या बातमीत ‘स्पेक्ट्रम’च ठेवावा, वाचकाला तो कळतो.

‘रिझर्व्ह प्राइस’ला ‘राखीव किंमत’ लिहू नये. राखीव म्हटलं की कोणासाठी तरी बाजूला ठेवलेली, असा अर्थ लागतो. वाळूघाटांच्या लिलावात चालणारा ‘हातची किंमत’ हा शब्द इथे चपखल बसतो: तिच्याखाली बोली घेतलीच जात नाही. २०१६ आणि २०२१मध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला नाही, तो ही किंमत फार चढी होती म्हणून.

‘परवाना’ही जपून वापरावा. २००८मध्ये परवान्याबरोबरच स्पेक्ट्रम मिळे, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये रद्द केले ते १२२ ‘परवाने’. आता परवाना निराळा आणि स्पेक्ट्रम निराळा. लिलाव होतो तो फक्त स्पेक्ट्रमच्या वापरहक्काचा.

राहिला ‘लिलाव’. तो पोर्तुगीज ‘लेलांव’वरून आला आणि केव्हाच मराठी झाला. फक्त ‘लिलाव पुकारला’ इथे नको. बोली संगणकावर, फेरीफेरीने लागते. २०१०च्या थ्री-जी लिलावाच्या १८३ फेऱ्या झाल्या, ३४ दिवस चालल्या.