क्रोम उघडलं की भलतंच सर्चचं पान येतं, होमपेज बदललं तरी परत तेच. काय करू?

होमपेज बदलत बसू नका, आधी मूळ काढा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेलं अनोळखी काही दिसलं की अनइन्स्टॉल करा. फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत हे बरेचदा गुपचूप शिरतं. मग क्रोममधली अनोळखी एक्स्टेन्शन्स, म्हणजे क्रोमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, काढून क्रोमच्या सेटिंग्ज रीसेट करा. घाबरू नका, बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत.

तरीही परत आलं तर क्रोमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधली 'टार्गेट' ही ओळ शेवटपर्यंत वाचा. आईच्या कॉम्प्युटरवर तिथेच, अगदी टोकाला, एका साइटचा पत्ता चिकटवलेला होता. तेवढाच पुसायचा. शेवटी मालवेअरबाइट्स कंपनीचं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर, म्हणजे असले नको ते प्रोग्रॅम शोधून काढणारं सॉफ्टवेअर, एकदा चालवा, फुकट आहे. आणि स्क्रीनवर 'व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं आलं, तर फोन अजिबात करू नका.