फिनेलचा वास आणि हातातल्या बांगड्या

प्रश्न : माझ्या सुनेची प्रसूती बत्तिसाव्या आठवड्यात झाली आणि बाळाला नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. आठव्या दिवशी बाळाच्या रक्तात क्लेब्सिएला नावाचे जंतू सापडले. तेथे दिवसातून तीनदा फिनेलने लादी पुसत, चपलाही बाहेर काढायला लावत. मग जंतू आले कोठून? सिस्टरांनी सुनेला हिरवा चुडा उतरवायला लावला, तेही मनाला लागले. बाळ आता घरी आले आहे. (एक आजी, सांगली)

उत्तर : बाळ घरी आले हे वाचून बरे वाटले. फिनेलच्या वासाने आपल्याला स्वच्छतेची खात्री वाटते खरी. पण लादीवरचे जंतू सहसा बाळापर्यंत पोहोचत नाहीत, त्यांना पोहोचवणारे हात असतात. क्लेब्सिएला हे जंतू माणसाच्या आतड्यातही राहतात, त्यामुळे एका बाळाचे लंगोट बदलून हात न धुता दुसऱ्याच्या सलाईनच्या नळीला हात लावला, की तेवढे पुरते. हातमोजे न बदलता पुढच्या बाळाकडे जाणे म्हणजेही न धुतलेलेच हात. जन्मानंतर ७२ तासांच्या आत दिसणारा संसर्ग बहुधा आईकडून आलेला असतो आणि त्यानंतरचा भोवतालातून, असे साधारणपणे मानतात. त्या हिशेबाने आठव्या दिवसाचा संसर्ग विभागातला असण्याचीच शक्यता अधिक. त्यात आईकडून मिळणारी बरीचशी प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी रक्तातली द्रव्ये) गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाकडे जात असल्याने बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची ती शिदोरी अपुरीच असते.

हातांखालोखाल संशय घ्यावा तो ओलाव्याचा. जानेवारी २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या एका प्रसूती रुग्णालयात स्यूडोमोनास या जंतूंमुळे तीन नवजात बालके दगावली आणि शोध घेता जंतू निघाले ते नळांत, म्हणजे जेथे हात धुवायचे तेथेच! नळाच्या आतल्या भागांवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि वरून पाणी अगदी नितळ दिसते.

चुड्याबद्दल आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. तरी येथे मी सिस्टरांच्या बाजूने आहे. बांगड्यांखाली, अंगठीखाली आणि मनगटाच्या दोऱ्याखाली साबण नीट पोहोचत नाही, ओल मात्र टिकते. हात कोपरापर्यंत मोकळे ठेवून साबणाने धुवायचे तर ४० ते ६० सेकंद आणि अल्कोहोलयुक्त द्रावण चोळायचे तर २० ते ३० सेकंद द्यावेत. हा नियम डॉक्टरांनाही आहे, आणि ते विसरले तर आजीने तसे खुशाल सांगावे.

आता घरी बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी आणि मध चाटवू नये. बेंबीला तेल-हळद न लावता ती कोरडी ठेवावी. राहिलेले बारसे उरकायचे असेल तर पाहुणे मोजकेच बोलवावेत, साबण-पाणी दाराशीच ठेवावे आणि सर्दी-खोकला झालेल्यांनी पाळण्याजवळ जाऊ नये.