पाच वर्षं की सात? थांबा, जुनी गाडी कुणाच्या नावावर आहे?

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 38, पगार हातात 85 हजार. ऑन रोड 14 लाखांची एसयूव्ही घ्यायची आहे. 2 लाख स्वतःचे, 12 लाख कर्ज, व्याज साडेनऊ टक्के. ‘मुदत पाच वर्षं ठेवू की सात?’ एवढाच प्रश्न. पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ: ‘जुनी गाडी दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला बहिणीला देऊन टाकली, दाजी लासलगाव मार्केटला तीच वापरतात. कागद माझ्याच नावावर आहेत, इन्शुरन्स मात्र तेव्हाच संपला.’

साहेब, एसयूव्ही राहू द्या बाजूला.

आरसीवर नाव तुमचं, म्हणजे कायद्याने मालक तुम्ही. गाडी चार हात फिरली तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. आता हिशोब करा. महिना 20 हजार कमावणारा, तिशीच्या आतला, बायको आणि दोन मुलं असलेला माणूस तुमच्या गाडीखाली गेला, तर भरपाई 38-40 लाखांच्या घरात जाते. विमा कंपनी नाही, म्हणजे हे पैसे तुम्ही आणि दाजींनी द्यायचे. थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, छोट्या गाडीला वर्षाला चार हजारांच्या आसपास पडते. चार हजार वाचवायला तुम्ही राहतं घर लावलंय पणाला. नात्यात कागद कसले करायचे, हे मी रोज ऐकतो. अपघात न्यायाधिकरणात नातं विचारत नाहीत, आरसी विचारतात.

आणखी एक नुकसान तुमच्या लक्षातही आलेलं नाही. तुम्ही म्हणता एकदाही क्लेम घेतला नाही. क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तेव्हाच गाडी रीतसर नावावर करून दिली असती, तर त्या बोनसचं तीन वर्षं चालणारं पत्र मिळालं असतं आणि या नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात 50 टक्क्यांपर्यंत सूट. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की ती गेली.

तेव्हा आज दाजींना फोन करा, गाडी उभी करायला सांगा. आधी विमा आणि पीयूसी, मग गाडी नावावर करून द्यायचे फॉर्म 29 आणि 30. आरसीवर जुन्या बँकेचा बोजा असेल तर तोही उतरवा.

आता तुमचा प्रश्न. पाच वर्षांना हप्ता 25,200, व्याज सव्वातीन लाखांच्या आत. सात वर्षांना 19,600, व्याज साडेचार लाख. पाच घ्या. पाच झेपत नसेल तर गाडी छोटी घ्या. ‘पाच वर्षांनी 9 लाखांना विकू’ हा तुमचा हिशोब विसरा. 14 लाखांतला रोड टॅक्स आणि विमा पहिल्याच दिवशी गेला, उरलेल्याचे निम्मे आले तरी नशीब.

आणि बँकेने तुमच्या कर्जात घुसवलेलं ते 42 हजारांचं ‘लोन सुरक्षा कवच’, म्हणजे कर्जदाराचा विमा? सात वर्षांच्या व्याजासकट ते 58 हजारांना पडतं आणि कर्जाबरोबरच संपतं. सक्तीचं नाही. बँकेतला माणूस ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणाला, तर तेच लेखी मागा. सिस्टीम लगेच घ्यायला लागते. त्याऐवजी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन (निव्वळ आयुर्विमा) घ्या.

बुकिंगची रक्कम मात्र आरसीवर दाजींचं नाव चढल्यावरच भरा.